शब्दांवर वाजवू नकोस

१४ ऑगस्ट १९७१, शनिवार

आज मला चारचौघांत गप्प बसवलं गेलं! कोळसा कंपनीच्या वकिलाला जे जमलं नाही, शाळा-मंडळाला मला नोकरीवरून काढूनही जमलं नाही, ते बर्लीकाकानं एका वाक्यात केलं. "मास्तरीणबाई, माझ्या शब्दांवर वाजवू नकोस."

झालं असं. ऑर्बिन स्टिडम जूनमध्ये गेला. बर्ली हॅल्कमच्या मागे फिडल वाजवायला त्याच्याशिवाय दुसरं कुणी कधी बसलंच नव्हतं. दर शनिवारी जुन्या शाळेत गाणं व्हायचं. काकाच्या हातात गिटार, मागच्या खुर्चीवर ऑर्बिन. जूनपासून खुर्ची रिकामी. परवा काका फाटकाशी आला, टोपी हातात. म्हणाला, "तू फिडल वाजवतेस ना? मग ये शनिवारी. भाषण करायचं नाही. फक्त वाजवायचं."

मी गेले. ताठ मानेनं गेले! जत्रेत दोनदा बक्षीस घेतलेली बाई मी. त्यानं नावाड्याचं गाणं धरलं आणि मी त्याच्या बरोबरीनं सगळी चाल वाजवली — वर दोन-चार वेलबुट्ट्या. लोक पाय आपटत होते. दुसऱ्या कडव्यात तो थांबला. चक्क थांबला! आणि ते वाक्य.

"मग वाजवू कधी?" मी विचारलं.

"मी गप्प असेन तेव्हा."

"आणि तू गात असशील तेव्हा?"

"तेव्हा तू गप्प."

"मग मी इथे बसू कशाला?"

सगळी शाळा हसली. याच खोलीत मी नऊ वर्षं मुलांना "हसू नका" म्हणून दटावलं होतं! काका मात्र हसला नाही. म्हणाला, "ते तुझं तू शोध."

१५ ऑगस्ट

मागे वाजवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? कपाटातली पुस्तकं धुंडाळली. वक्त्यांवर सात पुस्तकं आहेत. साथीदारावर एकही नाही.

१८ ऑगस्ट, बुधवार

काकाच्या ओसरीवर तालीम. टिल्डाकाकू सुईदोऱ्यात घेवड्याच्या शेंगा ओवत होती, हिवाळ्यासाठी वाळवायला. काकू देवळातली बाई. म्हणजे पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतलेली. त्यांच्यात वाद्य म्हणजे जगाची ओढ. म्हणून ती गिटारीकडे पाठ करून बसते. पण कान इकडेच! मी एक सूर चुकवला की सुई थांबते.

आज काय काय कळलं ते लिहून ठेवते. शब्द चालू असताना गज उचलायचा, किंवा सगळ्यात जाड तारेवर इतका हलका ठेवायचा की राळेचा वाससुद्धा जाऊ नये. ओळ संपली की आत शिरायचं. आणि त्यानं तोंड उघडण्याआधी बाहेर पडायचं. बाहेर पडताना दार लावून घ्यायचं नाही — शेवटचा सूर असा ठेवायचा की त्याला पुढचं पाऊल टाकावंसं वाटेल. त्याच्या पुढच्या ओळीचा पहिला सूर माझ्या तारेवर आधी आला तर चिडतो. "माझ्या ताटातलं उचलतेस!"

मी आयुष्यभर उलटं शिकले. सभेत कुणी श्वास घ्यायला थांबला की उठून उभं राहायचं आणि मग खाली बसायचंच नाही.

मी विचारलं, "ऑर्बिन कसं करायचा?"

काका म्हणाला, "त्याला विचारायला तुला उशीर झाला."

काकूनं दोरा दातानं तोडला. भिंतीशी बोलल्यासारखी म्हणाली, "ऑर्बिन त्याच्या पाठीकडे बघायचा. ही तोंडाकडे बघते."

पाठीकडे! का?

आणखी एक गोष्ट लक्षात आली. काका अर्धं वाक्य बोलतो आणि उरलेलं काकू पुरं करते. "तो लाल गोऱ्हा होता ना, त्याला मी..." "विकला, मार्चमध्ये." त्याला राग येत नाही, तिला कळतही नाही. हीही साथच की!

२१ ऑगस्ट, शनिवार

पाठीकडे बघून वाजवलं. सदऱ्याचं कापड खांद्यांमध्ये फुगतं, मग तो गातो. ते फुगायला लागलं की माझं आवरतं घ्यायचं. इतकं सोपं! एकदाही टोकला नाही. घरी निघताना म्हणाला, "बरं होतं." या माणसाकडून एवढं म्हणजे रोख बक्षीस.

मला विलक्षण मजा येतेय. कुणाच्या तरी मागे असण्यात मजा येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी तासभर भांडले असते.

२८ ऑगस्ट, शनिवार

एक कोडं पडलंय. काका जिथे थांबतो त्या जागा विचित्र आहेत. "नावाड्या, तू मला" — इथे थांबतो! मी वाजवते. मग "पलीकडे ने". आता "तू मला"पाशी कोणतं विरामचिन्ह येतं? मी व्याकरण शिकवलंय, तिथे काहीही येत नाही. पण ऐकायला सुंदर लागतं. लोकांना वाटतं, गाण्यातल्या बाईचा गळा दाटला, म्हणून शब्द अडला. समोरच्या बाकावर दोघी डोळे पुसत होत्या.

हे त्यानं मुद्दाम शोधलंय का? केवढा कलावंत मग!

आणि दुसरं — गिटारीच्या मानेवर तो चिमटा लावतो, पट्टी चढवायला. पहिल्या शनिवारी होता त्याहून तो आता दोन घरं खाली आलाय. मला काय, फिडलला चिमटा लागत नाही. तो म्हणेल त्या पट्टीत वाजवते. पण खाली का?

२९ ऑगस्ट, रविवार

काकूनं मला देवळात नेलं! स्मरणाची सभा होती, वर्षभरात गेलेल्यांची. मी त्या देवळात पाऊल ठेवलं नव्हतं ते तिथल्या उपदेशकानं, ब्रदर एलिहूनं, "बायकांनी सभेत बोलू नये" असं सांगितल्यापासून. तेव्हा मी त्याला उभ्या उभ्या धर्मग्रंथातली अकरा बोलणारी बाई-माणसं मोजून दाखवली होती. तो अजून ओळख देत नाही. पण आज मी भांडायला नव्हते गेले, ऐकायला गेले होते. साथीला बसल्यापासून मला सगळीकडे तेच ऐकू येतं.

तिथे वाद्य नाही, पुस्तकं हातात नाहीत. एकजण उभा राहतो, ओळ भराभर म्हणून टाकतो, आणि मग सगळे तीच ओळ गातात. सावकाश, इतकी सावकाश की डोंगर हलतोय असं वाटावं. शंभर माणसं, पण श्वास कुणाचाच ऐकू येत नाही! मी कान देऊन शोधलं. शेजारची काकू श्वास घेते तेव्हा तिच्या पुढची गात असते. ती थांबते तेव्हा मागचा म्हातारा. सूर तुटतच नाही. कुणी ठरवून दिलेलं नाही, कुणी मोजत नाही.

काका मागच्या बाकावर होता. त्यानं बाप्तिस्मा घेतलेला नाही — घेतला तर शनिवारचं गाणं सोडावं लागेल, गिटार खुंटीला. काकू बत्तीस वर्षं वाट बघतेय. आज तो गात होता आणि त्याच्या गाण्यात एकही विचित्र जागा नव्हती!

नंतर झाडाखाली जेवण. कोंबडी आणि कणकेचे उकडलेले गोळे, मक्याची भाकरी, सुक्या सफरचंदांचा थरांचा केक. एलिहूच्या बायकोनं मला दोन तुकडे वाढले, नवऱ्याच्या देखत. आवडली मला.

२ सप्टेंबर, गुरुवार

कळलं. सगळं कळलं.

झेल्फाकडे गेले होते — ऑर्बिनची बायको. विधवेच्या पेन्शनचा तिचा अर्ज फेटाळलाय. ऑर्बिन कोळशाच्या धुळीनं गेला हे या खोऱ्यात कुत्र्यालाही माहीत आहे. शेवटचं वर्ष तो खुर्चीत बसून झोपायचा, आडवं झालं की गुदमरायचा. आणि कंपनीचा डॉक्टर काय म्हणतो? "हा माणूस मरण्याआधीच्या शनिवारपर्यंत जाहीर कार्यक्रमात वाजवत होता. फुप्फुसं निकामी झालेला माणूस हे करू शकत नाही."

"गाढव आहे तो!" मी ओरडले. "फिडल काय फुंकून वाजवतात?"

झेल्फा म्हणाली, "मी तेच सांगितलं गं. ते म्हणाले, मग तुमचा तो गाणारा? तोही त्याच खाणीत होता. तो तर गातो."

तो तर गातो!

मी खाली बसले. "तू मला" — थांबतो. व्याकरण नाही, कला नाही. तिथे त्याचा श्वास संपतो. चिमटा खाली येतो कारण वरचे सूर पुरत नाहीत. ऑर्बिन पाठीकडे बघायचा, कारण पाठ सांगते दम कधी संपतोय. आणि दम संपला की तो फिडल आत घालायचा — लोकांनी छातीचा भाता ऐकू नये म्हणून!

मी गेले तीन आठवडे काय करतेय? पुरावा झाकतेय. मी! जी दर महिन्याला कचेरीच्या पायऱ्यांवर उभी राहून ओरडते की ऐका, ही माणसं गुदमरताहेत!

४ सप्टेंबर, शनिवार

गाण्याआधी शाळेमागे काकाला गाठलं. राजधानीहून समिती येतेय, दोन ऑक्टोबरला, हायस्कुलात. खाणकामगारांच्या फुप्फुसांची चौकशी. मी बोलणारच आहे. म्हटलं, "काका, तू तिथे गा. फिडलशिवाय. एकच गाणं. माझ्या शंभर भाषणांनी होणार नाही ते होईल."

"नाही."

"झेल्फासाठी."

"झेल्फाला लाकूडफाटा मी नेऊन देतो. कोंबड्यांचं कुंपण मी बांधलं. आणखी काय सांगशील ते करीन. हे नाही."

"का?"

त्यानं गिटारीची खुंटी पिळली. मग म्हणाला, "खाणीनं पाठ घेतली. दोन बोटं घेतली. भाऊ घेतला. गाणं उरलंय, पोरी. लोक मला बघतात तेव्हा म्हणतात, तो बघा गाणारा. तो बघा धापा टाकणारा, असं नाही म्हणत. तेवढं राहू दे."

"म्हणजे कंपनीला हवं तेच!"

"तू सभेत बोलतेयस का माझ्याशी?"

वाजवलं. सगळ्या जागा भरल्या. पहिल्यांदाच आवडलं नाही.

७ सप्टेंबर

मी बरोबर आहे. मी बरोबर आहे हे मला पूर्ण माहीत आहे. मग झोप का लागत नाही?

११ सप्टेंबर, शनिवार

करायला नको होतं ते केलं.

जत्रेचा मंच. लुइव्हिलचा बातमीदार पुढच्या रांगेत, चौकशीआधीच खोऱ्यात फिरायला आलेला. नावाड्याचं गाणं. "तू मला" — सदरा फुगला — आणि मी गज तारेवर टेकवलाच नाही. एवढंच केलं. काहीच केलं नाही!

भाता ऐकू आला. ओल्या लाकडात करवत अडकावी तसा. पहिल्या चार रांगांना तरी नक्कीच. एका लहान मुलीनं आईकडे बघितलं. बातमीदारानं मान वर केली.

काका वळला नाही. पुढची ओळ गायला, कडवं संपवलं, गिटार पेटीत ठेवली आणि मंचावरून उतरला. मी मागे धावले. "काका!" तो मोटारीच्या दाराशी थांबला. आवाज चढवलाच नाही त्यानं.

"ऑर्बिनला स्वतःला श्वास नव्हता. तरी त्यानं माझा कधी उघडा टाकला नाही."

१२ सप्टेंबर

आज लिहायला काही नाही.

१९ सप्टेंबर, रविवार

टिल्डाकाकू आली. देवळातून परस्पर, टोपीसकट. सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी टेबलावर ठेवली — म्हणजे शिव्या द्यायला आली नव्हती. की आधी मुरंबा, मग शिव्या?

म्हणाली, "तू केलंस ते वाईट केलंस."

"हो."

"पण बोललीस ते खरं बोललीस. मी रोज ऐकते तो भाता. भिंतीपलीकडून ऐकते. तेव्हा फिडल नसतं तिथे." मग म्हणाली, "तो झेल्फाकडे गेला होता. तिनं त्याला डॉक्टरचं ते वाक्य सांगितलं. 'गाणारा तर गातो.' तेव्हापासून जेवत नाही नीट."

"तू त्याला कधी सांगितलं नाहीस का — गाणं सोड म्हणून?"

"मी? मी बत्तीस वर्षं त्याच्या मागे बसलेय. मागे बसणारा सांगत नाही कुठे जायचं."

हे मी माझ्या वक्त्यांच्या सातही पुस्तकांच्या समासात लिहून ठेवणार आहे.

२५ सप्टेंबर, शनिवार

तो आला! मी अंगणात कांदे सोलत होते, बरं झालं, डोळ्यांना कारण होतं.

उभ्याउभ्याच बोलला. "समितीपुढे गाईन. तुझ्यासाठी नाही."

"माहीत आहे."

"पण भजन म्हणेन. देवळातलं."

आधी मला कळेना, भजनच का. मग कळलं आणि मी चाटच पडले! भजनाला वाद्य चालत नाही. अख्ख्या खोऱ्याला हा नेम माहीत. म्हणजे मास्तरीण आज फिडल का वाजवत नाही, असं कुणी विचारणार नाही. त्यानं काही जाहीर करायला नको, मी काही उघडं टाकायला नको. तो गाईल, श्वास जिथे संपेल तिथे संपेल, आणि ज्याला ऐकायचं तो ऐकेल. वा रे माणसा! वकील व्हायला हवा होता.

मी म्हटलं, "तू माझ्यापेक्षा हुशार आहेस."

"ते काही अवघड नाही," म्हणाला. आणि मग: "तू तिथे बसशील ना? ऑर्बिनच्या जागी?"

"फिडल न वाजवता?"

"बस नुसती."

२ ऑक्टोबर, शनिवार

सगळं सविस्तर लिहायचं आहे. उद्या आठवेल तसं नाही, आज झालं तसं.

हायस्कुलाचं बास्केटबॉलचं अंगण, वर छप्पर. समितीचे पाच जण टेबलामागे, बास्केटच्या बरोबर खाली. बाकं गच्च भरलेली. खोकलाच खोकला. कंपनीचा वकील नकाशे घेऊन आला होता, फुप्फुसांचे नकाशे! त्याचा मुद्दा एकच: "हे डोंगरी लोक सशक्त आहेत. नाचतात, गातात." झेल्फा बोलली. छान बोलली, थोडकं. मग बर्ली हॅल्कमचं नाव पुकारलं.

तो मध्यरेषेवर उभा राहिला. मी मागे खुर्चीवर. फिडल पेटीत, पेटी पायाशी. त्यानं टोपी काढली आणि पहिली ओळ म्हटली — भराभर, देवळात म्हणतात तशी.

आणि आम्हा दोघांनाही जे सुचलं नव्हतं ते घडलं. मी इतकी वाचलेली, तो इतका धूर्त, आणि दोघंही मूर्ख! या खोऱ्यात भजनाची ओळ कुणी म्हटली तर बाकीचे गप्प बसतात का? कधी बसलेत?

अख्खं सभागृह गायला लागलं. बाकांवरून, दारातून, वरच्या सज्ज्यातून. सगळे देवळातलेच. त्यांना वाटलं, बर्ली ओळ देतोय. सावकाश, डोंगर हलल्यासारखं. जिथे त्याचा दम संपला तिथे टिल्डाकाकू होती. तिचा संपला तिथे झेल्फा. खोकणारेही गात होते, एक खोकला की दुसरा गायचा. तुटलंच नाही कुठे! चारी कडवी. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी मला ओरडावंसं वाटत होतं — अरे थांबा! मेलो आपण! थांबा!

संपलं. अध्यक्ष भारावला होता. बिचारा खरंच भारावला होता. म्हणाला, "असं गाणं मी आयुष्यात ऐकलं नाही. काय ताकद आहे या छात्यांमध्ये!"

कंपनीच्या वकिलानं ते वाक्य उतरून घेतलं. मी बघितलं त्याला लिहिताना.

काका मध्यरेषेवर तसाच उभा. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. सदरा फुगत होता, बसत होता, फुगत होता. टाळ्यांच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार?

मग माझं नाव पुकारलं.

खिशात भाषण होतं. तीन आठवडे घासलेलं, तेरा पानं. त्यातला शेवटचा परिच्छेद तर दगडालाही पाझर फोडेल असा आहे, अजूनही वाटतं. मी काकाच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्याच्याकडे बघितलं आणि फक्त भुवई वर केली — आम्ही गाण्यात करतो तशी, "आणखी एक कडवं?" म्हणून. माझ्या मनात होतं, तो नाही म्हणाला तर मी पानं काढेन. त्यानं होकाराची मान हलवली.

मी म्हटलं, "माझा वेळ मी बर्ली हॅल्कमला देते." आणि बाकांकडे वळले. "आणि तुम्ही सगळे — कितीही वाटलं तरी — गायचं नाही."

एलिहू उठला. "बाई आता आम्हाला गाऊ नका म्हणून सांगणार?"

"हो ब्रदर, आजच्या दिवस. हात जोडते."

मी आयुष्यात कुणाला हात जोडले नव्हते. तो बसला.

काकानं ओळ धरली. या वेळी दिली नाही, गायली. अर्ध्यावर दम संपला. आणि तिथे काहीच आलं नाही. ना माणूस, ना तार. नुसता भाता. त्या उंच छपराखाली तो केवढा मोठा वाटला! पुढचे दोन शब्द. पुन्हा भाता. बाकांवर काकू तोंडावर रुमाल दाबून बसली होती, न गाण्यासाठी. पुरुष खाली मान घालून होते, ओठ मिटून. त्यांच्या घशातून सूर यायला बघत होता, मला दिसत होतं. माझा उजवा हात आपोआप वर आला होता, गज नसताना. मी तो डाव्या हातानं धरून ठेवला.

दुसरी ओळ पुरी झाली नाही.

अध्यक्षानं विचारलं, फार हळू: "हे — हे नेहमीच असं होतं का?"

काकाला उत्तर द्यायला वेळ लागला. सगळे थांबले. कुणी त्याचं वाक्य पुरं केलं नाही, काकूनंसुद्धा नाही.

"नाही साहेब," तो म्हणाला. "नेहमी ऑर्बिन असायचा."

३ ऑक्टोबर

काल मला घरी सोडताना काका गाडीत एक शब्द बोलला नाही. काकूही नाही. मीही नाही — आणि हे सगळ्यात नवलाचं.

निकाल कधी, कुणाला माहीत नाही. लोक रस्त्यात थांबवून हात हातात घेतात. "जिंकलीस तू." मी काय जिंकले? मी वाजवलं नाही आणि बोलले नाही.

९ ऑक्टोबर, शनिवार

तो आला नाही. त्याची खुर्ची पुढे, माझी मागे. मी पुढच्या खुर्चीवर बसलेच नाही. लोक म्हणाले, काहीतरी वाजव. नावाड्याचं वाजवलं, एकटीनं. अर्ध्यावर लक्षात आलं की मी त्याच्या शब्दांच्या जागी गज उचलतेय! रिकाम्या जागा सोडून वाजवतेय आणि सगळी शाळा त्या रिकाम्या जागा ऐकतेय. कुणी हसलं नाही.

त्याचं शेवटचं उरलेलं मीच घेतलं का? तो नको म्हणत होता तेव्हापासून मी ते मागत होते. त्यानं दिलं, हे खरं. पण मागितलं कुणी?

१७ ऑक्टोबर, रविवार

आज सकाळी बर्लीकाका ओढ्यात उतरला. एलिहू एका बाजूनं, आणखी एकजण दुसरीकडून, पाणी बर्फासारखं. एक क्षण आत आणि वर. टिल्डाकाकू काठावर रडत होती आणि घोंगडी उलटी धरून उभी होती. गिटार भाच्याला दिली म्हणे. म्हणजे शनिवार संपले. त्याच्या मागची माझी खुर्चीही संपली. मी तणतणत गेले होते: या लोकांनी एक गाणारा गिळला!

मग देवळात गाणं सुरू झालं आणि नेमाप्रमाणे तो एकेकाशी हात मिळवत बाकांमधून आला. माझ्यापाशी थांबला. केस ओले. हात सोडेना.

"माझ्या मागच्या बाकावर ये," म्हणाला. "इथे शब्दांवर आलीस तरी चालतं."

मी त्याच्या मागे जाऊन बसले. सदरा फुगला. मी गायले.